औंध संस्थानात, पंचांच्या घोंगडीवर

चपला काढा आणि घोंगडीवर सरकून बसा. माघाची थंडी आहे, खेटून बसलात तर ऊबही मिळेल. घोंगडीला मेंढरांचा उग्र दर्प, शेजारच्या आबांच्या तोंडाला तंबाखूचा. कंदिलाची काच काजळलीय. देवळासमोर सगळं गाव लोटलंय. पोरं खांबांना लटकलीत, बायका पलीकडे भिंतीशी.

१९३९ साल. आटपाडी तालुका, औंध संस्थानच्या ७२ गावांतलं एक. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी कारभार रयतेच्या हाती दिलाय आणि गावानं आपले पाच पंच निवडायचेत. एवढं कळलं की पुरे, कारण समोर ताठ पाठीनं बसलेला खादीतला तरुण बोलू लागलाय. हे अप्पासाहेब पंत, राजेसाहेबांचे चिरंजीव. ऑक्सफर्डला शिकलेले, बॅरिस्टर झालेले. ताठ पाठीचं नवल नको. या घराण्यात सूर्यनमस्कार चुकत नाहीत.

पंच कसा हवा, यावर कुजबुज सुरू होते. सावकाराचं नाव निघतं तसे चारपाच जण एकदम खोकतात. मग आबा तुमच्याकडं वळतात. "पावनं, तुमी वकिली शिकल्यासारकं दिसता. ऱ्हावा की उभं." हसू उसळतं, पण आबांच्या डोळ्यांत हसू नाही. आजवर तालुक्याच्या कोर्टात तारखेला जायचं म्हणजे भाकरी बांधून पहाटे निघायचं, रोजगार बुडवायचा आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. त्यांना आपल्या गावात बसणारा, खरं बोलणारा माणूस हवाय. नाही म्हणवत नाही. तुम्ही उभे राहता.

आता थेट वैशाखात या. तुम्ही पंच झालात. ऊन टाळूत शिरतंय, फुफाट्यात पाय भाजतायत, पोटात सकाळचं हुलग्याचं माडगं. आज कोर्टच गावात आलंय. न्यायाधीश पंचांच्या शेजारी बसलेत, कारकुनाची दौत दगडावर. मला या साऱ्या प्रयोगातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं: न्याय मागणाऱ्याच्या दारात न्याय चालत आला.

फिर्याद एका विधवेची. भावकीनं बांध कोरला, दरसाल एकेक तास करत. "दाकवा म्हनावं, खूण कुठं हाय!" ती ओरडते. बसून काय कळणार? सगळे उठतात आणि शेताकडं निघतात. कोर्ट, गाव, कुत्री, मागं धुळीचा लोट. नांगरलेल्या ढेकळांत पाय मुरगळतो. बाभळीचा काटा टाचेत मोडतो, तो कुणीतरी दुसऱ्या काट्यानं काढतं.

बांधावर साक्षीदार बोलायला तोंड उघडतो. शहाण्या वकिलाची उलटतपासणी इथं लागत नाही. समोर त्याचा चुलता उभा आहे, शेजारी गुराखी, ज्यानं लहानपणापासून याच बांधावर गुरं वळली. "खरं सांग रं," चुलता म्हणतो. साक्षीदार अडखळतो, घाम पुसतो, मग एक पाऊल सरकून बोट दाखवतो. कुदळ पडते. दोन हातांवर पुरलेला हद्दीचा दगड लागतो आणि गलका उठतो. भावकी म्हणते, तो दगड आमच्याच आज्यानं हलवला होता. बाई म्हणते, खोटं.

न्यायाधीश कपाळ पुसतात. पाचही पंचांची मतं घ्यायचीत. ते तुमच्याकडं पाहतात.

"बोला पंच."