लिक्या योलू

लिक्या योलू : तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील लांब पल्ल्याची पायवाट. फेथियेजवळच्या ओलुदेनिझच्या माथ्यावरून ती निघते आणि भूमध्य समुद्राच्या कडेकडेने पूर्वेला अंताल्या शहराच्या मागच्या डोंगरांत संपते. मूळ आखणीतली लांबी 500 किमी.च्या आसपास, पुढे जोडलेले फाटे धरले तर बरीच अधिक. या मुलखाचे प्राचीन नाव लिशिया, तुर्की भाषेत लिक्या; त्यावरूनच वाटेचे नाव पडले. वाट सलग चालायला साधारण महिना लागतो, पण बहुतेक जण ती तुकड्यातुकड्यांनी, काही वर्षांत पुरी करतात आणि तेच शहाणपणाचे आहे.

तुर्कस्तानात स्थायिक झालेल्या केट क्लो या ब्रिटिश महिलेने 1990च्या दशकात ही वाट शोधली, जोडली, दगडांवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा केल्या आणि 1999 मध्ये ती चालणाऱ्यांसाठी खुली झाली. तुर्कस्तानातली ही पहिली आखलेली लांब पल्ल्याची पायवाट. ‘शोधली’ हाच शब्द येथे योग्य आहे, कारण बहुतेक वाट आधीपासून होतीच. तॉरस पर्वताचे कडे या किनाऱ्यावर थेट समुद्रात उतरतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनाऱ्याने पक्की सडक होईपर्यंत गावागावांतली ये-जा होडीने किंवा खेचराच्या वाटेने चाले. योरुक हे भटके पशुपालक उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर जात आणि थंडीत किनाऱ्याला उतरत. सडक आली तशा त्यांच्या वाटा झुडपांत बुजल्या. त्या मोकळ्या करून एकमेकींना जोडणे, हे क्लो यांचे खरे काम. असा पायी, मंद प्रवास ही पर्यटकांसाठी काढलेली नवी टूम नव्हे. या किनाऱ्याची ती जुनी चालच आहे.

काही टप्पे तर रोमन काळातले आहेत. सम्राट क्लॉडियसने इ. स. 43 मध्ये लिशिया रोमन साम्राज्याला जोडले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच पातारा या लिशियन शहरात एक स्तंभ उभारला गेला. लिशियातील शहरे कोणत्या रस्त्यांनी जोडलेली आहेत आणि त्यांच्यात किती अंतर आहे, याची यादीच त्यावर ग्रीक भाषेत कोरलेली आहे. विसाव्या शतकाच्या शेवटी त्याचे दगड हाती लागले. दगडी मार्गदर्शिका म्हणून प्राचीन जगात याच्या तोडीचे फार थोडे सापडेल.

रोमनांपूर्वी येथे लिशियन संघ होता. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोच्या वर्णनानुसार 23 शहरांना संघात मताधिकार होता आणि तो सरसकट नव्हता : मोठ्या शहरांना तीन, मध्यम शहरांना दोन, लहानांना एक मत. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने अठराव्या शतकात आदर्श संघराज्य म्हणून याच संघाचे उदाहरण दिले. संघाचे सभागृह पातारा येथे पुन्हा उभे केले आहे. ते पाहून झाल्यावर पुढचा लांबलचक वाळूचा किनारा पाहावा. लॉगरहेड जातीची समुद्री कासवे तेथे अंडी घालतात, म्हणून विणीच्या काळात रात्री किनाऱ्यावर जाण्यास मनाई असते.

पाताराच्या उत्तरेला झान्थोस आणि लेतून ही प्राचीन लिशियन स्थळे आहेत. 1988 मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. लेतून येथे 1973 मध्ये लिशियन, ग्रीक आणि अरामी अशा तीन भाषांतला शिलालेख मिळाला आणि लिशियन भाषेच्या अभ्यासाला मोठा आधार झाला. झान्थोसचे दर्शन मात्र क्लेश देणारे आहे. चार्ल्स फेलोज हा इंग्रज प्रवासी 1838 मध्ये येथे आला आणि पुढच्या काही वर्षांत नेरीड स्मारक या भव्य थडग्यासह उत्तमोत्तम शिल्पे जहाजांत भरून लंडनला गेली. आज मूळ जागी स्मारकाचा चौथरा उरला आहे. स्मारक पाहायचे तर ब्रिटिश म्युझियममध्ये जावे लागते. ती शिल्पे या डोंगराला आणि या उजेडाला धरून घडवलेली होती, हे झान्थोसला पायी पोहोचणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

चालणाऱ्याचा दिवस ठरतो तो पाण्यावर. सगळा मुलूख चुनखडीचा. पाऊस पडतो, पण पाणी खडकात मुरून जाते. म्हणून वाटेवर जागोजाग पावसाच्या पाण्याची टाकी बांधलेली आहेत, कित्येकांवर घुमटाचे छप्पर. झाकण उघडून दोरीने डबा सोडायचा आणि शेंदायचे. हे पाणी उकळल्याशिवाय किंवा गाळणीतून काढल्याशिवाय पिऊ नये. वाटसरूंसाठी आणि गुरांसाठी ही टाकी बांधणाऱ्यांचे उपकार आजही फिटलेले नाहीत, कारण त्यांच्यावाचून कित्येक टप्पे ओलांडणेच अवघड झाले असते.

काश या बंदराच्या पूर्वेचा भाग सर्वांत समृद्ध आहे. आपेर्लाई हे प्राचीन नगर तेथे खाडीच्या काठी पडलेले आहे. समुद्री गोगलगाईंपासून मौल्यवान जांभळा रंग काढणे हा त्याचा व्यवसाय. तेथे आजही सडक नाही, होडीने किंवा पायीच जावे लागते. पुढे केकोवा बेटाच्या कडेला भूकंपांत खचलेल्या नगराच्या भिंती आणि जिने पाण्याखाली दिसतात. समोरच्या कालेकोय या सडक नसलेल्या गावात उथळ पाण्यात एक लिशियन दगडी शवपेटी उभी आहे, आणि वर किल्ल्यात खडकात कोरलेले चिमुकले नाट्यगृह. सहलीच्या होड्या हे सारे तासा-दोन तासांत दाखवून परततात. त्या निघून गेल्यावर संध्याकाळी गावात मुक्कामाला राहणाऱ्यालाच जागा पुरती कळते.

याच समुद्राने पुरातत्त्वविद्येला दोन महत्त्वाची बुडालेली जहाजे दिली. गेलिदोन्या भूशिराजवळचे कांस्ययुगीन जहाज 1960 मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास यांनी उत्खनित केले. समुद्रतळावरच्या शास्त्रशुद्ध उत्खननाची ती सुरुवात मानली जाते. काशजवळच्या उलुबुरुनचे जहाज 1982 मध्ये स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला दिसले. इ. स. पू. चौदाव्या शतकातल्या या जहाजात सुमारे दहा टन तांबे होते. गेलिदोन्याचे 1936 मधले दीपगृह वाटेवरच आहे.

त्यापुढे वाट कष्टाची होते. ऑलिम्पोस या प्राचीन नगराच्या अवशेषांजवळ चिरालीच्या वर यानारताश येथे खडकातून निघणारा वायू हजारो वर्षे जळतो आहे. ग्रीक पुराणातल्या अग्निमुखी कायमेरा या राक्षसी प्राण्याची कथा याच ज्वाळांशी जोडतात. ताहताली शिखराच्या खांद्यावरून जाताना वाट सुमारे 1,800 मीटर उंची गाठते.

चालण्यास फेब्रुवारी ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम, मात्र ताहतालीच्या बाजूला वसंतातही बर्फ असू शकते. उन्हाळ्यात पारा 35 अंशांच्या पुढे जातो. तेव्हा हा प्रवास करू नये. खेड्यांतल्या पान्सियोनमध्ये, म्हणजे घरगुती अतिथिगृहांत, खोलीबरोबर रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी मिळते. पाव, ऑलिव्ह, चीज, टोमॅटो, मध आणि पेल्यामागून पेले चहा, एवढ्यावर दुपारपर्यंत चालता येते. अडले तर दोल्मुश ही सामायिक गाडी गावोगाव जाते.

वाटेवरचे संकट आहे ते डांबराचे आणि बांधकामाचे. काही ठिकाणी जुन्या फरसबंदीवरूनच रस्ते गेले, काही ठिकाणी बंगल्यांसाठी डोंगर कापले गेले, आणि तेथे खुणा वळवाव्या लागल्या. चालणारे येत राहिले आणि गावातच राहिले-जेवले, तर वाट राखण्यात गावाचेही हित राहते. ज्यांच्याजवळ चार-पाच दिवसच आहेत त्यांनी काश ते त्याच्या पूर्वेचे देमरे गाव एवढाच भाग चालावा. प्राचीन नगरे, सडक नसलेली गावे आणि समुद्र यांची अशी सलग सोबत वाटेच्या दुसऱ्या कोणत्याही भागात नाही.