अण्णांचा क्लॅरनेट आणि वरचा गंधार

आपल्या माळव्यातल्या जुन्या घरांच्या गोष्टी इथे आवडीने वाचल्या जातात, म्हणून आज आमच्या धारच्या घरातली एक लिहितो. थोडी इतिहासाची आहे, थोडी बोटांची.

आमची पाचवी-सहावी पिढी इथली. पवारांच्या मागोमाग घाट चढून आलेल्या अनेक कुटुंबांपैकी आमचं एक. धारला पवारांची एक गादी आणि देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन दरबार! आजोळ देवासचं असल्यामुळे माझं लहानपण या दोन गावांच्या मधल्या एस.टी.त, म्हणजे इंदूरला गाडी बदलण्यात गेलं.

माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, क्लॅरिओनेट वाजवायचे. घरात सगळे क्लॅरनेटच म्हणत. महूची छावणी 1818 पासूनची. तिथे पलटणींचे बँड असायचे, आणि त्यातून निवृत्त झालेल्या एका वादकाकडे अण्णा तरुणपणी सायकलवरून शिकायला जात. ब्राह्मणाच्या मुलाने बँडवाल्याकडे जाऊन तोंडात पिपाणी धरायची, म्हणून पणजोबा दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नव्हते. अण्णांनी मात्र सोडलं नाही.

आता वाद्याबद्दल थोडं. 1700 च्या सुमारास जर्मनीत न्यूरेंबर्गला डेनर नावाच्या कारागिराने ते घडवलं असं मानतात. आज शाळा-कॉलेजांत जे दिसतं ते बोएम पद्धतीचं, 1840 च्या आसपास पॅरिसला तयार झालेलं. अण्णांचं त्याहून साध्या, जुन्या पद्धतीचं होतं. तेरा चाव्या, काळं शिसवी लाकूड, आणि एका सांध्याला आजीने गुंडाळलेला मेणाचा दोरा.

या वाद्याची एक खोड आहे. बासरीत किंवा सनईत जोर वाढवला की तोच सूर वरच्या सप्तकात येतो, म्हणून बोटं बहुतेक तीच राहतात. क्लॅरनेटची नळी सरळ, आणि एका टोकाला पत्तीने जवळजवळ बंद. त्यामुळे अंगठ्याजवळची चावी दाबली की मंद्र सा चा मध्य सा होत नाही, एकदम मध्य पंचम होतो! सनईवरून क्लॅरनेटवर आलेले भलेभले इथेच अडखळतात. त्याहून वर जायचं असेल तर आणखी गंमत. डाव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटं ठेवून जो सा निघतो (काळी पाचचा), तीच बोटं ठेवून अंगठ्याची चावी दाबायची आणि फक्त पहिलं बोट उचलायचं. निघतो तार गंधार. म्हणजे सा, मग प, मग ग.

अण्णा म्हणायचे, "अरे, हे तर तंबोऱ्यातच आहे!" खरंच आहे. खर्जाची तार नीट लागली की तिच्यात आपोआप गंधार ऐकू येतो, तोच स्वयंभू गंधार. क्लॅरनेटचा वरचा ग त्याच घराण्यातला. पण हार्मोनियमच्या ग पेक्षा स्वयंभू ग किंचित उतरलेला असतो, साधारण 14 सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याएवढा. म्हणून बँडात वाजवताना उजव्या करंगळीची चावी उघडून सूर थोडा चढवतात.

अण्णांच्या वहीत मोडीत टिपणं होती आणि छिद्रांची गोल गोल चित्रं. भरलेलं छिद्र काळं, उघडं पांढरं. तार ग ची दोन चित्रं शेजारी शेजारी. एकाखाली लिहिलं होतं "वरातीचा", करंगळीची चावी उघडी. दुसऱ्याखाली "घरचा", चावी मिटलेली, फुंक हलकी. मला तेव्हा ते विनोदच वाटले.

1948 मध्ये संस्थानं मध्यभारतात विलीन झाली. दरबारी वादकांना मिळणारा आश्रय आटला, आणि बरेच वादक लग्नाच्या बँडांकडे वळले. त्याच वर्षी जानेवारीत कुमार गंधर्व देवासला राहायला आले होते. रजबअली खाँसाहेब तर आधीपासूनच देवासचे. मामा सांगायचे, देवासच्या लोकांचे कान गाण्याने फार नाजूक झाले होते. अण्णा देवासला वाजवायला घाबरायचे ते त्यामुळेच.

साठीत अण्णांचे वरचे दात गेले. वरचे सूर ओठ आणि दातांच्या पकडीवर तोललेले असतात. कवळी लावून खालचे सूर निघत, वरचे नाही. एके दिवशी त्यांनी वाद्य पुसून माझ्या हातात दिलं. मी सोळा वर्षांचा.

पुढच्याच वर्षी आत्याचं लग्न देवासला ठरलं. माता टेकडीच्या पायथ्याशी मांडव. जेवणानंतर घरगुती बैठक होती, मामा हार्मोनियमवर. मला एक नाट्यपद वाजवायचं होतं. अण्णांनी आदल्या रात्री विचारलं, "कोणता ग घेणार?" मी म्हणालो, "घरचा. घरगुती बैठकच आहे ना." ते म्हणाले, "बघ बुवा. पेटी आहे साथीला." एवढंच.

मी नाही बघितलं. तार ग आला तो पेटीच्या खाली बसलेला. घाबरून ओठ आवळले, तर पत्ती किंचाळली. नवरदेवाकडची पोरं हसली, आत्या मान खाली घालून बसली. मी वाद्य खोळीत घातलं ते सहा वर्षं काढलं नाही. अण्णा काहीच बोलले नाहीत. परतीच्या गाडीत फक्त म्हणाले, "अरे, नुसतं बोट काय पाहून राहिलास? साथीला कोण आहे ते आधी ऐकायचं."

1974 मध्ये मी पुन्हा वाजवायला लागलो, इंदूरच्या खोलीवर, तंबोरा लावून. पहिल्यांदा "घरचा" ग तंबोऱ्यातल्या ग वर जाऊन टेकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, दिवाळीत अण्णांना ऐकवू. ते नवरात्रातच गेले.

आता माझा नातू पुण्यात शिकतो, बोएम पद्धतीच्या नव्या क्लॅरनेटवर. वरच्या सुरांच्या बोटांचे छापील तक्ते त्याच्याकडे आहेत, एकेका सुराला चार-चार पर्याय. मागच्या महिन्यात त्याने विचारलं, "आजोबा, यातलं बरोबर कुठलं?" मी त्याला अण्णांची वही काढून दाखवली. मोडी त्याला येत नाही, मलाही आता जेमतेम. ती दोन चित्रं मात्र वाचायला काही लागत नाही.

आत्या गेल्या वर्षी नव्वदीची झाली. तिला फोनवर तो ग ऐकवला. म्हणाली, "हा लागला हो. तेव्हा काय झालं होतं तुला?"

तुमच्या माळ्यावर अशी कुणाची वही असेल तर रद्दीत घालू नका. आधी उघडून बघा.