बेटांवरची सोपी वाट

कुलाब्याहून माहीमपर्यंत समुद्राच्या अंगानें पायीं जाणें हें धडधाकट माणसाला एका सकाळींत सहज साधण्यासारखें आहे. वाटेंत कोठें अवघड चढ नाहीं, कीं नावेची वाट पाहणें नाहीं. आम्हीं ही फेरी अनेकदां केली आहे. परंतु जेथें पूर्वीं भरतीचें पाणी खेळत असे, ती जागा कोणत्या क्षणीं ओलांडली हें आमच्या पायांना एकदांही कळलें नाहीं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम या सात बेटांचें आज एकच शहर झालें आहे. ही सोपी वाट कोणीं व कोणासाठीं सिद्ध केली, याचा थोडा विचार वाचकांसमवेत करावा, असें मनांत आहे.

प्रथम कुलाबाच घेऊं. सन १८३८ पर्यंत धाकटा व थोरला कुलाबा हीं दोन्ही बेटें मुंबईपासून तुटलेलीं होतीं. ओहोटी असली तर पायीं जावें. भरती आली तर होडी करावी, नाहीं तर पाणी ओसरेपर्यंत काठावर बसून राहावें, असा क्रम होता. त्या सालीं बांधाचा रस्ता पुरा झाला. लोक त्याला अजून कॉजवेच म्हणतात. लष्कराचें एकाकी ठाणें शहराला जोडलें गेलें. १८४४ सालीं कापसाचा बाजार तेथें गेला आणि १८७५ सालीं ससून गोदी उघडली. जेथें भरती-ओहोटीचा हुकूम चाले, तेथें घड्याळाचा चालूं लागला.

उत्तरेस महालक्ष्मीकडे गेलें म्हणजे याहून जुना बांध लागतो. मुंबई व वरळी यांच्यामधल्या खिंडारांतून समुद्र आंत शिरे आणि दूरवर पसरे. हें पाणी तुडवून आलेले लोक जेथें चिखलाचे पाय धूत ती पायधुणी, असें सांगतात. उमरखाडी या नांवांतही खाडी राहिलीच आहे. गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकीर्दींत हें खिंडार बुजविण्याचें काम चाललें व १७८४ च्या सुमारास तें तडीस गेलें. बांध पुनःपुन्हां ढांसळे. शेवटीं समुद्रांतून देवीच्या मूर्ति वर काढल्यावर तो टिकला, ही महालक्ष्मीची आख्यायिका प्रसिद्धच आहे. ती खरी असो वा नसो. समुद्राची जागा घ्यावयाची तर आधीं त्याचें देणें द्यावें लागतें, ही लोकांची समजूत तींत स्पष्ट दिसते.

आमच्या फेरीचा शेवट माहीमच्या बांधाशीं होतो. माहीम व वांद्रें यांमधल्या खाडींत होड्या उलटत आणि माणसें बुडत. रस्त्याचा खर्च उचलण्यास सरकार राजी नव्हतें. तेव्हां सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं एकंदर १,५७,००० रुपये दिले, आणि अट घातली ती एवढीच कीं, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून कर घेऊं नये. १८४५ सालीं हा रस्ता खुला झाला. ज्याच्यापाशीं दोन पायांखेरीज दुसरें वाहन नाहीं, त्याची आठवण या अटींत आहे. म्हणून आम्हांस ती देणगीच्या रकमेहूनही मोठी वाटते.

याच माहीमच्या उपसागरावर २००९ सालीं वांद्रें-वरळी सागरी सेतु उघडला. ५.६ किलोमीटर लांबीचें हें बांधकाम खरोखर कौतुकास्पद आहे. परंतु त्यावर कर द्यावा लागतो, आणि पायीं जाणाऱ्यास तर मज्जावच आहे. पुढें किनारी रस्त्याच्या कामांत वरळीजवळ पुलाच्या दोन खांबांमध्यें ६० मीटर अंतर ठेवण्याचें ठरलें, तेव्हां तेथील कोळी बांधव आडवे आले. उसळत्या पाण्यांत आमच्या होड्या खांबांवर आदळतील, असें त्यांचें म्हणणें होतें. त्यांनीं दीर्घकाळ नेट धरला, आणि डिसेंबर २०२२ मध्यें १२० मीटर अंतर सरकारनें मान्य केलें.

पूल नकोत, असें आमचें म्हणणें नाहीं; ते नसते तर ही फेरी आम्हीं केलीच नसती. पण पूल चांगला कीं वाईट हें त्याच्या लांबीवरून ठरवूं नये. वरून अनवाणी माणसाला जातां येतें काय, आणि खालून लहान होडीला वाट मिळते काय, हे दोन प्रश्न आधीं विचारावे. पहिला प्रश्न अवाबाईंनीं १८४५ पूर्वींच विचारला होता. दुसरा वरळीच्या कोळ्यांना आपल्या होड्यांसाठीं झगडून विचारावा लागला.

माहीमच्या बांधावर उभें राहिलें म्हणजे समोर तो नवा सेतु दिसतो. आमची पायवाट मात्र जुन्या बांधावरूनच वांद्र्याकडे जाते.