बर्फाचें आसन

पाणी शून्य अंशावर गोठतें, हा शाळेंतील पाठ अर्धाच खरा आहे. बर्फ शून्य अंश सेंटिग्रेडवर वितळतो, हें निश्चित. परंतु निर्मळ पाण्याचा सूक्ष्म थेंब शून्याखालीं सुमारें ३८ अंशांपर्यंत द्रवरूप राहूं शकतो. बर्फाचा पहिला अंकुर धरावयाचा तर पाण्याच्या रेणूंना ठराविक रचनेंत बसावें लागतें, आणि हा मेळ आपोआप सहसा जमत नाहीं. धुळीचा एखादा कण आसन म्हणून लाभला तर तो लवकर जमतो. मात्र वाटेल तो कण चालत नाहीं.

फॅरनहाइट यानें हवा काढून घेतलेल्या काचेच्या गोळ्यांत पावसाचें पाणी ठेवलें. तें रात्रभर कडक थंडींत राहूनही गोठलें नाहीं. असाच एक गोळा नेतांना जिन्यावर त्याला ठेंच लागली, आणि हिसक्यासरशीं पाण्यांत बर्फाच्या कण्या पसरल्या! हा वृत्तान्त १७२४ सालीं प्रसिद्ध झाला. आसनाचा प्रश्न नीट सुटूं लागण्यास मात्र दोन शतकें जावीं लागलीं.

१९४६ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील स्केनेक्टडी येथें, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेंत, व्हिन्सेंट शेफर हे शीतपेटींत श्वास सोडून त्याचा मेघ करीत व त्यांत नाना भुकट्या टाकून पाहत. पेटी अधिक गार व्हावी म्हणून त्यांनीं ड्राय आइसचा, म्हणजे गोठविलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, तुकडा आंत ठेवला. तोंच असंख्य हिमस्फटिक चमकूं लागले. ही किमया केवळ तीव्र थंडीची. येथें आसन लागलेंच नाहीं. त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांची वाट निराळी. बर्फासारखी स्फटिकरचना कोणाची, हें त्यांनीं कोष्टकांत शोधलें आणि सिल्व्हर आयोडाइड निवडलें. पहिली भुकटी अशुद्ध असल्यानें प्रयोग फसला. शुद्ध मिळतांच, त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, मेघ गोठला. कृत्रिम पावसासाठीं तोच पदार्थ पुढें अनेक देशांत वापरला गेला.

साचा जुळला कीं बर्फ धरतो, हा समज या यशानें दृढ झाला. निसर्गांतील धुळींत मात्र अनेक दशकें चिकणमातीच्या खनिजांनाच मुख्य मान मिळाला, कारण तींच विपुल. २०१३ सालीं लीड्स विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं तो मान पोटॅशयुक्त फेल्डस्पारकडे नेला. वाळवंटी धुळींत हें खनिज थोडें, पण बर्फ धरण्यांत पुढें. चिनी मातीच्या कपबश्यांना लागणारी ही वस्तु मेघांतही कामीं यावी, ही गंमतच! २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत तिच्यावरील बर्फ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यांत आला. गुळगुळीत पृष्ठापेक्षां पायऱ्या व भेगा यांच्या ठायीं, एरवीं झांकलेलें पृष्ठ जेथें उघडें पडतें तेथें, तो धरत होता. आणि तेथील स्फटिक एकाच दिशेनें मांडल्यासारखे उभे होते.