रखमाबाईंचा नकार

‘स्वतःवर प्रेम करा’ हा उपदेश अलीकडे मुलांच्या कानी वारंवार पडतो. त्याचा अर्थ मात्र बहुधा हौसमौज आणि स्वतःचे लाड एवढ्यावरच येऊन थांबतो. स्वतःचे मोल ओळखणे किती खडतर असू शकते, याचे उदाहरण एकोणिसाव्या शतकातील मुंबईत घडले आणि त्याचा उत्तरार्ध आपल्या गुजरातेत. शाळेच्या हीरक महोत्सवात मराठी मुलखाबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलामुलींना ते ठाऊक असावे, असे वाटते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले, परंतु त्या माहेरीच राहिल्या. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचीत त्यांनी घरीच आपले शिक्षण चालविले. १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीला नांदावयास पाठवावे म्हणून उच्च न्यायालयात दावा लावला.

न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. जे दोघे कधी एकत्र राहिलेच नाहीत, त्यांचे सहजीवन ‘पुन्हा’ कसे प्रस्थापित करणार, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. अपील झाले. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निर्णय दिला की, रखमाबाईंनी नांदावयास जावे, अन्यथा सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली.

या उत्तरापाशी मी नेहमी थांबते. वय अवघे बावीस. समाज विरोधात, कायदाही विरोधात. अकराव्या वर्षी आपली संमती कोणी विचारलीच नव्हती, तेव्हा त्या बंधनाने आपण बांधल्या जात नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यात पतीचा द्वेष शोधणाऱ्यांनी त्यांचे म्हणणे नीट ऐकले नाही, असे मला वाटते. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने बालविवाहावर पत्रे लिहिणारी ही मुलगी न्यायालयात मात्र स्वतःच्या नावाने उभी राहिली. ‘केसरी’ने या साऱ्याचे खापर इंग्रजी शिक्षणावर फोडले. (शिक्षणावरचा हा आरोप आम्हां शिक्षकांनी गौरव म्हणूनच स्वीकारावा!)

अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. न्यायाचा प्रश्न असा पैशाने मिटावा, हे मला आजही खटकते. तथापि या खटल्याने उठलेले वादळ शमले नाही आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत त्याचे पडसाद उमटत राहिले.

कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये विलायतेस गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात रुजू झाल्या. पुरुष डॉक्टरांपुढे येण्यास संकोचणाऱ्या, दुखणे अंगावर काढणाऱ्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर असणे ही त्या काळी केवढी सोय होती! स्वतःला किंमत देणारी माणसे स्वार्थी होतात, अशी भीती घालणाऱ्या वडीलधाऱ्यांनी सुरतेची ही वर्षे जरूर पाहावीत.

एक गोष्ट मात्र अभ्यासकांना बुचकळ्यात टाकते. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसल्याचे चरित्रांत नमूद आहे. ज्या विवाहाला त्यांनी आयुष्यभर नाकारले, त्याचे हे चिन्ह त्यांनी का स्वीकारले असावे? कोणी याला रूढीपुढची शरणागती म्हणेल. मी म्हणणार नाही. या वेळी त्यांना कोणी न्यायालयात खेचले नव्हते.

पुढे त्या राजकोटच्या स्त्री-रुग्णालयात गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच रुग्णसेवा करीत राहिल्या. पडदापद्धतीविरुद्धही त्यांनी लेखणी चालविली. १९५५ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.