सांधा आणि मळ : प्रकाशतंतूच्या जोडणीतील एकवापरी साधनांचा इतिहास

दोन वस्तू एकत्र सांधावयाच्या म्हणजे प्रथम त्यांच्यामधील तिसरी वस्तू दूर करावयाची, हा कारागिरीचा फार जुना नियम आहे. ही तिसरी वस्तू म्हणजे मळ. धातूच्या सांध्यात तो गंजाच्या किंवा काजळीच्या रूपाने येतो, काचेच्या सांध्यात धुळीच्या अथवा बोटाच्या तेलकटपणाच्या रूपाने येतो. हा मळ काढण्यासाठी जे साधन योजावे ते मळ आपल्या अंगावर घेते आणि त्यामुळे स्वतःच निरुपयोगी होते. प्रकाशतंतूंच्या जोडण्या पुसण्याची आजची एकवापरी साधने ही नव्या युगाची उधळपट्टी आहे, असा समज सहज होतो. परंतु त्यांचा इतिहास पाहिला असता तो समज टिकत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, देशभर प्रसिद्ध आहे. पैंजण हा मुळात सांध्यांचा दागिना होय. कडीला कडी अडकवावी, तिचे तोंड झाळावे, मग पुढची कडी घ्यावी, अशा क्रमाने तो तयार होतो. झाळण्याच्या वेळी सांध्यावर टाकणखार लावतात. चांदीत मिसळलेले तांबे तापले की हवेशी संयोग पावून काळे पडते आणि त्या काळ्या थरावर डाक धरत नाही. टाकणखार वितळून तो थर आपल्यात विरघळवितो व सांध्यावर हवेपासून पांघरूण घालतो. काम झाल्यावर त्याची काचेसारखी खपली उरते. ती सौम्य तेजाबात काढून टाकावी लागते. पुढे रिठ्याच्या पाण्यात दागिना घासून उजळतात आणि ते पाणीही ओतून देतात. हातोडा, चिमटा व फुंकणी ही पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी हत्यारे. टाकणखार व रिठा ही मात्र कामात खर्ची पडणारी साधने. चांदीच्या कामात या दोहोंचा भेद कारागिरास वेगळा शिकवावा लागत नाही.

या साधनांची नावेही उद्‌बोधक आहेत. ‘टाकणखार’ यातील पूर्वपद संस्कृत ‘टङ्कण’ होय. हाच शब्द फारसीत ‘तिनकार’ होऊन पुढे युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘टिंकल’ झाला. ‘रिठा’ हा संस्कृत ‘अरिष्ट’ या वृक्षनामापासून आला आहे. कल्हईवाला भांड्याचा मळ काढण्यासाठी जो नवसागर वापरीत असे, त्याचे नाव फारसी ‘नौशादर’चे मराठी कानाला रुचेल असे रूप आहे, त्याचा सागराशी संबंध नाही. नवसागर टाकताच त्याचा धूर होई आणि कापसाचा बोळा काळा होऊन फेकला जाई. सांध्यासाठी किंवा मुलाम्यासाठी करावयाच्या स्वच्छतेत साधन नष्ट होते, ही जाणीव अशा रीतीने या देशातील बाजाराला व भाषेला पुष्कळ पूर्वीपासून होती.

आता काचेच्या तंतूकडे वळू. मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडन येथे हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर केलेले, तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्याविषयीचे संशोधन १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकम यांनी असे प्रतिपादन केले, की तंतूत प्रकाश क्षीण होतो तो काचेच्या मूळ स्वभावामुळे नव्हे, तर तिच्यातील अशुद्ध द्रव्यांमुळे. ती काढली तर तंतू दूरसंदेशवहनास योग्य होईल. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग या कंपनीच्या संशोधकांनी तसा तंतू प्रत्यक्ष तयार केला. काव यांना २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात दूरध्वनी केंद्रांना परस्परांशी जोडणारी पहिली प्रकाशतंतू प्रणाली १९७९ साली पुणे येथे कार्यान्वित झाली, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय गोष्ट होय. २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस मंजुरी मिळाली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. काचेच्या आतील अशुद्धीवर विजय मिळवून हा तंतू गावोगाव निघाला. परंतु काचेबाहेरील मळ त्याच्या प्रत्येक सांध्यावर त्याची वाट पाहत होता.

तंतूचे सांधे दोन प्रकारचे असतात. पहिला कायमचा. यात तंतूवरील आवरण सोलून उघडी काच मद्यार्काने ओलावलेल्या पुसणीने पुसतात, तिचे टोक सरळ छेदतात आणि विजेच्या ठिणगीने दोन टोके वितळवून एकजीव करतात. कामगार यास ‘स्प्लाइसिंग’ म्हणतात. दुसरा सांधा सुटा, म्हणजे हवा तेव्हा काढता-घालता येणारा. त्याचे साधन ‘कनेक्टर’. जपानच्या एनटीटी या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात विकसित केलेला ‘एससी’ कनेक्टर आज सर्वत्र आढळतो. यात २.५ मिलिमीटर व्यासाच्या चिनीमातीसदृश कठीण नळीच्या मध्यभागी तंतू बसविलेला असतो. नळीचे टोक किंचित घुमटाकार घासलेले असते व आतील स्प्रिंगच्या दाबाने समोरासमोरचे दोन तंतू परस्परांना चिकटून उभे राहतात. मध्ये हवा राहिली तर काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे परततो. म्हणून हा निकट स्पर्श आवश्यक असतो.

याच स्पर्शाने मळाचे महत्त्व वाढविले. दूर पल्ल्याच्या तंतूचा एकूण व्यास १२५ मायक्रॉन असून प्रकाश वाहणारा त्याचा गाभा केवळ ९ मायक्रॉनांच्या आसपास असतो. मनुष्याचा केस याच्या कित्येक पट जाड असतो. एक मायक्रॉनाचा कण गाभ्यावर बसला तर त्याने गाभ्याच्या क्षेत्राचा सुमारे ८१ वा हिस्सा झाकला जातो. ९ मायक्रॉनांचा कण सर्व वाटच अडवू शकतो. शिवाय दोन टोके दाबाखाली भेटत असल्यामुळे कठीण कण काचेत रुतून खड्डा पाडतो आणि एका टोकाचा मळ दुसऱ्या, मुळात स्वच्छ असलेल्या टोकावर उमटतो. मळ येथे संसर्गजन्य आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यावरील उपाय क्रमाक्रमाने घडत गेले. आरंभीची रीत भिंगे पुसण्यासारखीच होती : तंतुरहित पुसणी, शुद्ध आयसोप्रोपिल मद्यार्काचा थेंब, आणि लगेच कोरड्या भागावर पुसणे. केवळ कोरडे घासल्याने स्थिर विद्युत निर्माण होऊन धूळ अधिक ओढली जाते, आणि केवळ ओले ठेवल्यास मद्यार्क सुकताना डाग उरतो. म्हणून ओल्याकडून कोरड्याकडे हा क्रम ठरला. पुढे सूक्ष्म धाग्यांची फीत गुंडाळलेली डबी आली. तिची कळ दाबली की फितीचा नवा तुकडा पुढे येतो आणि वापरलेला आत गुंडाळला जातो. तथापि यंत्राच्या फळीमागे खोबणीत दडलेले टोक डबीने पुसता येत नसे. त्यासाठी बारीक काड्या आणि नंतर लेखणीच्या आकाराचे साधन निघाले. ही लेखणी खोबणीत घालून ढकलली, की ‘टक्‌’ असा आवाज होतो आणि आतील धागा टोकावर फिरून पुढे सरकतो. एक लेखणी सामान्यतः ५०० ते ८०० वेळा चालते व मग टाकून द्यावी लागते. स्वच्छ कशास म्हणावे हाही प्रश्न डोळ्यांच्या अंदाजावर राहिला नाही. २००९ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने टोकाचे वर्तुळाकार पट्टे कल्पून प्रत्येक पट्ट्यात किती ओरखडे व किती कण चालतील याचे मानक प्रसिद्ध केले.

या सर्व साधनांत एक तत्त्व समान आहे : फीत मागे फिरत नाही. मराठीत यासाठी समर्पक शब्द पूर्वीच सिद्ध आहे. ज्यास एकदा स्पर्श झाला ते ‘उष्टे’, संस्कृत ‘उच्छिष्ट’. बाभळीचे दातवण किंवा जेवणाची पत्रावळ दुसऱ्याने वापरावयाची नाही, हा आचार ज्या समाजात मुरलेला आहे, त्यास उष्टी पुसणी दुसऱ्या सांध्याला लावू नये हे पटविण्यास इंग्रजी सूचनापत्रकाची गरज पडू नये. प्रत्यक्षात मात्र तीच पुसणी पुनःपुन्हा वापरण्याचा, किंवा अंगरख्याच्या टोकाने काम भागविण्याचा मोह अनावर असतो. कारण मळ दिसत नाही आणि साधनाचा खर्च दिसतो. खांबावर चढलेल्या कामगाराला साहित्य मोजून मिळाले, तर तो पुसणीची काटकसर करणार. त्या काटकसरीची किंमत पुढे बंद पडलेल्या जोडणीच्या रूपाने त्या टोकाला असलेले दवाखाने, शाळा व पेढ्या भरतात, आणि दोष मात्र बहुधा यंत्रावर येतो.

दुसरी बाजूही नाकारता येत नाही. टाकणखाराची खपली व रिठ्याचे टरफल यांचे ओझे अल्प होते. रिकामी लेखणी हे टिकाऊ प्लास्टिक आहे. काही डब्यांत केवळ फीत बदलता येते, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग होय. खर्ची पडावयाचे ते पुसणाऱ्या धाग्याने. त्याला धरणाऱ्या मुठीने नव्हे. हातोडा टिकावा आणि टाकणखार जळावा, हा चांदीच्या कामातील जुना विभाग येथेही लागू पडतो.

हुपरीच्या संदर्भात या इतिहासाला एक विशेष अर्थ प्राप्त होतो. सोन्याचांदीच्या धंद्यात केरही मोलाचा असतो. तो धुऊन त्यातील धातुकण काढणाऱ्यास मराठीत ‘झारेकरी’ असे स्वतंत्र नाव आहे. प्रकाशतंतूच्या धंद्यात हाच कण सर्वनाशाचे कारण ठरतो. धुळीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी परस्परविरुद्ध भासल्या तरी दोहोंची शिकवण एकच आहे : डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाचा हिशेब जो ठेवील, त्याचाच सांधा टिकेल.