कादंबरीने घडवलेला सिनेमा

कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या रामायण-महाभारतातील आख्याने चित्रांतून सांगत आले. हाताने रंगवलेल्या कागदांची पोथी उघडायची, एक चित्र श्रोत्यांसमोर धरायचे, गात-बोलत कथा पुढे न्यायची आणि मग पुढचे चित्र काढायचे. पुस्तकावरून केलेल्या मराठी चित्रपटांचा मागोवा घेताना आपण इथूनच निघायला हवे. १८९२च्या सुमारास कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ दाखवायला घेतली, तेव्हा ही चित्रे कागदावरून काचेवर आली आणि दिव्याच्या उजेडाने पडद्यावर उमटू लागली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि ती चित्रे हलू लागली. मात्र या साऱ्या कथा प्रेक्षकाला आधीच पाठ होत्या. कादंबरीचे तसे नव्हते. ती शब्दांतच जन्मलेली, माणसांच्या मनात शिरून बोलणारी. तिला पडद्यावर आणताना सिनेमाची वाट जागोजागी अडली आणि त्या प्रत्येक अडचणीतून तो काही ना काही शिकला.

पहिली मोठी अडचण कोल्हापुरात आली. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट केला. हरिभाऊ १९१९ सालीच निवर्तले होते, त्यामुळे आपले शब्द पडद्यावर आलेले त्यांना पाहता आले नाहीत. तानाजीची चढाई रात्रीची, आणि कॅमेऱ्याला तर सूर्यप्रकाश हवा. पेंटरांनी त्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. कादंबरीतल्या काळोखापायी भारतीय सिनेमाला दिव्यांची भाषा सापडली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. दोनच वर्षांनी त्यांनी ‘सावकारी पाश’ केला. त्याचे कथालेखक नारायण हरि आपटे. नावांची ही अदलाबदल वाचकाला आजही चकवते, पण हे लेखक निराळे आणि त्यांचा विषयही निराळा होता: खोट्या कागदपत्रांनी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी. त्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. देवदेवता आणि राजेरजवाडे यांच्यात रमलेला पडदा या कथेने गरिबाच्या झोपडीपर्यंत आणला.

‘सिंहगड’ पडद्यावर आला त्याच १९२३ साली नारायण हरींची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी आली होती. चौदा वर्षांनी, १९३७ मध्ये, शांतारामांनी प्रभात फिल्म कंपनीत तिचा ‘कुंकू’ केला आणि पटकथा खुद्द कादंबरीकाराने लिहिली. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा हे लग्न मनाने मान्यच करीत नाही. आता हा नकार दाखवायचा कसा? मनातले बोलायला कादंबरीकाराजवळ पानेच्या पाने असतात, दिग्दर्शकाजवळ मात्र वस्तू आणि आवाज एवढेच. शांतारामांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले आणि जे काही ऐकू येईल ते त्या घरातूनच यावे असा नेम धरला. भिंतीवरचे जुने घड्याळ, आरसा, कुंकवाची डबी या वस्तूच बोलू लागल्या. शांता आपटे आणि केशवराव दाते यांनी उरलेले डोळ्यांतून सांगितले. कादंबरीची एवढी निष्ठेने सेवा करताना सिनेमा इतका स्वतंत्र व्हावा, हे मला आजही विलक्षण वाटते.

‘श्यामची आई’ची अडचण तिच्या घडणीतच होती. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक म्हणजे बेचाळीस रात्रींचे कथन. त्यात एक सलग कथानक नाही, आहेत त्या आठवणी. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्या एका सूत्रात ओवल्या. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम घराघरांत पोचले आणि पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या चित्रपटाने मिळवले. पुढे १९७९ मध्ये जब्बार पटेल यांनी याच्या उलट वाट धरली. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांच्या पटकथेने एकत्र गुंफल्या, आणि निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस मंत्र्यांच्या दालनांपासून रस्त्यापर्यंत साऱ्यांचा साक्षी झाला. एका पुस्तकाचा एक चित्रपट हा हिशेब तिथे कायमचा मोडला.

आणीबाणीच्या काळातील नववीच्या मुलाचे मन सांगणारी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ साली आली. सुजय डहाके यांनी तिचा चित्रपट केला तेव्हा अविनाश देशपांडे निगडी यांना रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रूपांतर ही स्वतंत्र निर्मिती आहे, याची ती मोहोरच. याच डहाके यांनी २०२३ मध्ये पुन्हा ‘श्यामची आई’ हाती घेतली. रंगांचा सुकाळ असताना त्यांनी ती कृष्णधवल केली आणि ओम भूतकर यांच्या रूपाने साने गुरुजींनाच पडद्यावर आणले. ज्याला अत्र्यांनी सूत्रात ओवले ते कथन आता सांगणाऱ्यासह समोर आले. पिंगुळीचा चित्रकथीही चित्रामागे लपत नसे. चित्र हाती धरून तो श्रोत्यांसमोरच बसे.